माळवदावरची १८ टन माती

"आजी, घर केवढं आहे हो तुमचं?" मी विचारलं. वहीत चौरस फुटांचा रकाना आखून ठेवला होता. आजी चुलीपुढून न उठताच म्हणाल्या, "बारा खणाचं हाय. ढाळज येगळी." रकाना तसाच राहिला.

ही गोष्ट २०१७ च्या एप्रिलमधली. पुण्यात आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होते आणि प्रबंधासाठी मराठवाड्यातली माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छताची, घरं हा विषय घेतला होता. आजी म्हणजे माझ्या आईची मावशी. तेरणेच्या खोऱ्यात, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या सीमेवर त्यांचं गाव. तीन आठवड्यांत चार घरं मोजायची, नकाशे घेऊन परत यायचं, असं वेळापत्रक केलं होतं. प्रत्यक्षात मृगाचा पाऊस पडून गेला तरी मी तिथेच होते आणि पुरं झालं ते एकच घर.

खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर. आजींच्या घरात ते पाच फूट भरलं, शेजारच्या घरात साडेपाच. सुताराला मिळालेलं लाकूड जेवढं लांब, तेवढा खण. त्यामुळे "बारा खणाचं घर" म्हटलं की गावातल्या माणसाला घराची लांबीरुंदी तर कळतेच, शिवाय त्यात खांब किती, लाकूड किती, म्हणजे घरधन्याची ऐपत किती हेही कळतं. चौरस फुटात यातलं काहीच येत नाही. त्या रात्री मी रकाना खोडला आणि वहीच्या मागच्या पानापासून शब्दांची यादी सुरू केली. ती यादी हेच माझं खरं पहिलं मोजमाप होतं असं आता वाटतं, कारण ज्या वस्तूला नाव माहीत नव्हतं ती माझ्या नकाशात आलीच नव्हती. बळद असंच राहून गेलं होतं. माजघराच्या भिंतीच्या जाडीत धान्यासाठी ठेवलेली ती पोकळी. वरून धान्य ओतायचं, खालच्या तोंडातून काढायचं. मी ती भिंत नुसती साडेचार फूट जाड म्हणून काळी भरून टाकली होती. आजींनी कागद पाहिला आणि विचारलं, "अन् जवारी कुठं ठिवायची?"

घर असं होतं. रस्त्याकडून मोठा दगडी दरवाजा, त्याच्या आत ढाळज. ढाळज ही दोन्ही बाजूंना ओटे असलेली, वर माळवद असलेली, पण घराच्या पोटात न शिरणारी जागा. पाहुणा, वाटसरू, हिशेबाला आलेला माणूस, दुपारी गप्पा मारणारे म्हातारे, सगळे ढाळजेतच. दरवाजातून सरळ पाहिलं तर चौक दिसत नाही, कारण ढाळजेतून चौकात जायची वाट एका बाजूला काढलेली. मग फरसबंद चौक, मधोमध तुळस, एका कोपऱ्यात न्हाणी. चौकाच्या पूर्वेला गोठा, समोर चार खणांचा सोपा. सोप्याच्या खांबांवर थोडं नक्षीकाम आणि वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या. सोप्याच्या मागे माजघर. तिथे खांब साधे, तासलेलेसुद्धा अर्धेमुर्धे, आणि वर फळ्यांऐवजी किलचन, म्हणजे काटक्यांचा थर. चार लोकांना दिसतं तिथे सागाच्या फळ्या, घरातली माणसं राबतात तिथे बाभळीच्या काटक्या. माजघराच्या एका अंगाला स्वयंपाकघर आणि देवघर. संपूर्ण माजघराला बाहेरच्या भिंतीत एकही खिडकी नाही. उजेड येतो तो माळवदाला ठेवलेल्या भोकातून. त्याला तिथे सवणं म्हणतात. धूरही तिथूनच जातो. दुपारी बाराला सवण्यातून उन्हाचा एक गोल जमिनीवर पडतो आणि तीन वाजेपर्यंत सरकत बळदापाशी जातो. आजी त्यावरून दुपारच्या चहाची वेळ ठरवत.

उन्हाळ्यात या घरात किती फरक पडतो तेही मोजलं. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी तीन वाजता चौकातल्या सावलीत ४१ अंश, माजघरात ३२. पहाटे उलट, चौक गार आणि माजघर उबदार. दगडमातीची जाड भिंत आणि मातीचं जाड छत दिवसाची उष्णता आत पोहोचू द्यायला एवढा वेळ लावतात की ती पोहोचेपर्यंत बाहेर रात्र झालेली असते. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण बाहेर डोकं फिरवणाऱ्या उन्हातून आत येऊन सारवलेल्या जमिनीवर पाठ टेकली की अंगाला जे कळतं ते वेगळंच.

एक गोष्ट मात्र पहिल्या रात्रीच खटकली. एवढं घर असून आजी त्यात झोपत नव्हत्या. चौकाबाहेर, गोठ्यामागच्या मोकळ्या जागेत पत्र्याची एक शेड होती. अंधार पडला, जेवणं झाली, की घराला कडी लावून आजी आणि मामा त्या शेडमध्ये जात. मे महिन्यात रात्री अकरापर्यंत तो पत्रा उष्णता ओकत राही. मीही तिथेच झोपले. विचारलं नाही. कारण मला माहीत होतं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं उशिरा झोपलेली आणि पहाटे चारला थोडा वेळ असताना जमीन हलली. तीव्रता ६.२. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं काही सेकंदांत दगडांचे ढीग झाली. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसं गेली, त्यातली बहुतेक झोपेतच, स्वतःच्या घराखाली. तोवर हा भाग भूकंपाच्या नकाशात सगळ्यात सुरक्षित समजल्या जाणाऱ्या पट्ट्यात होता. २००२ साली नवा नकाशा आला तेव्हा तो तिसऱ्या पट्ट्यात गेला. आमच्या आजींच्या गावात मोठी हानी झाली नाही. भिंतींना तडे गेले, दोन-चार घरं बसली. पण आजींची थोरली बहीण आणि तिच्या घरातली पाच माणसं पलीकडच्या गावात दगावली. त्यांचं घर हुबेहूब असंच होतं, बारा खणांचं.

भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. त्यांतल्या दोन ठिकाणी मी मामांबरोबर गेले. सरळ रुंद रस्ते, काटकोनात वळणारे, आणि जमिनीच्या मालकीप्रमाणे घरं: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. ती घरं पक्की आहेत आणि त्यांत माणसं रात्री निर्धास्त झोपतात. ही गोष्ट लहान नाही, आणि माळवदाचं कौतुक करणाऱ्या कुणीही आधी ती मान्य करायला हवी. पण बैल कुठे बांधायचा, ज्वारी कुठे ठेवायची, पाहुण्याला घरात न घेता बसवायचं कुठे, या प्रश्नांची उत्तरं लोकांनी नंतर आपापल्या परीनं पत्रे ठोकून शोधली. जवळजवळ प्रत्येक घरापुढे पत्र्याची ढाळज उभी राहिली आहे.

माझं काम मात्र अजून नकाशांचंच चालू होतं. ओळंबा, पाणी भरलेली नळी, टेप आणि मामांची धाकटी मुलगी टेपचं दुसरं टोक धरायला. दहा दिवसांत आडवा छेद पुरा झाला. त्यात मी दगडी भिंती जाड दाखवल्या होत्या आणि माळवदाच्या लाकडांची टोकं त्या भिंतींवर टेकवली होती. एवढी जाड भिंत आहे म्हणजे भार तिच्यावरच असणार, असं मी धरूनच चालले होते.

गावात एक म्हातारे सुतार होते. सत्तरी ओलांडलेली, नजर अधू, पण लाकडावरून हात फिरवला की ते बाभूळ आहे की कडुनिंब हे सांगत. त्यांना सगळे बाबा म्हणत. त्यांना मी छेद दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "भिंत काढली तर माळवद पडंल का?"

"पडेल ना."

"चला."

त्यांनी मला गल्लीच्या टोकाच्या घरी नेलं. मालक पुण्याला गेलेले, घर बंद. मागची भिंत तीन पावसाळ्यांपूर्वी ढासळून गल्लीत आलेली होती. आणि माळवद जागच्या जागी. आत खांबांच्या दोन रांगा, भिंतीपासून जेमतेम हातभर अंतरावर, काही तर भिंतीच्या पोटातच होते जे आता उघडे पडले होते. प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर उभा, खांबाच्या डोक्याला कुसू काढलेलं, ते वरच्या तुळईच्या भोकात बसवलेलं, तुळईवर आडवी लाकडं, त्यांवर किलचन, त्यावर माती. भिंतीनं फक्त ऊन, चोर आणि वारा अडवला होता. छत तिच्यावर नव्हतंच. मी घरी येऊन आमच्या माजघराच्या भिंतीचा गिलावा एका कोपऱ्यात खरवडला आणि तिथेही खांब निघाला. दहा दिवसांचं काम पुन्हा पहिल्यापासून काढलं.

बाबांनी पुढे जे सांगितलं ते सलग नव्हतं. पान लावता लावता एखादं वाक्य यायचं. बाभूळ तोडली की चार-सहा महिने ओढ्याच्या डोहात किंवा विहिरीत बुडवून ठेवायची, म्हणजे तिच्यातला गोड रस निघून जातो आणि भुंगा लागत नाही. तोड करायची ती वद्य पक्षात. कडुनिंब कडू म्हणून टिकतो, पण वाळताना पिळतो, त्यामुळे तो खांबाला चालतो, लांब तुळईला नाही. तळखडा जमिनीच्या वर चार बोटं तरी हवा, खांबाचं बूड ओल्या मातीला लागलं की संपलं. आणि एक गोष्ट जी मी नंतर चार घरांत तपासून पाहिली: चूल बंद होऊन गॅस आला त्या घरांच्या लाकडाला भुंगा लागला आहे. पिढ्यान्‌पिढ्या धुरानं काळी झालेली किलचन आतून टणक असते. धूर थांबल्यावर दहा-बारा वर्षांत तिच्यातून पिठासारखा भुसा गळू लागतो. गॅस आला हे त्या घरांतल्या बायकांच्या डोळ्यांसाठी आणि छातीसाठी फार चांगलं झालं. मात्र ज्या घरात चूल नाही तिथे लाकडाला दुसरं काहीतरी द्यावं लागणार, हे कुणी कुणाला सांगितलेलं नाही.

मग मी विचारलं, की भार खांबांवर होता तर १९९३ साली एवढी माणसं कशी गेली?

बाबा उठून गेले. दुसऱ्या दिवशी आले, माझ्याशी न बोलता शिडीवरून माळवदावर चढले आणि सवण्याच्या कडेला बसून हाक मारली. सवण्याच्या भोकात छताची पूर्ण जाडी उघडी दिसते. मी टेप लावला. २६ इंच. "माझ्या बापानं हे माळवद घातलं तवा एक वीत होतं," बाबा म्हणाले.

माळवदाचं गणित असं असतं. गावची जमीन दोन प्रकारची, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. शेकडो वर्षं माणसं जिथे राहिली, जिथे चुलीची राख, शेण, पडक्या भिंतींची माती एकात एक मिसळत गेली, ती फिकट, चुनखडीची, बारीक माती म्हणजे पांढरी. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की बोट जाईल अशा भेगा पडतात, म्हणून तिला छतावर जागा नाही. पांढरी आकसत नाही. तिच्यात थोडी खारवट माती मिसळली की पहिल्या सरीत वरचा पापुद्रा फुगून छिद्रं मिटतात आणि पाणी आत न शिरता पन्हळीकडे वाहतं. पण दर पावसाळ्यात थोडी माती वाहून जाते, उन्हानं थोडी उकलते. म्हणून दर वर्षी रोहिणीत, मृगाच्या आधी, माळवदावर नवी माती टाकायची. पाहुणे यायच्या आधी अंगण सारवावं तितकं हे ठरलेलं काम.

जुन्या पद्धतीत या कामाचे दोन भाग होते. आधी वरची मेलेली माती फावड्यानं खरवडून खाली टाकायची, ती शेतात खत म्हणून जायची, आणि मग नवी टाकायची. खरवडायला माणसं लागतात. बलुत्यावर चालणारी कामं थांबली, तरुण मुलं शहरात गेली, घरात म्हातारी माणसं उरली. खरवडणं सुटलं, टाकणं राहिलं. चार पाट्या माती वर नेऊन पसरणं म्हातारीलाही जमतं. अशी चाळीस-पन्नास वर्षं गेली आणि विताचं छत दोन फुटांचं झालं. गळू नये म्हणून, जपण्यापोटी.

त्या रात्री मी शेडमध्ये बॅटरीच्या उजेडात हिशेब केला. दबलेल्या मातीचं वजन घनमीटरला साधारण १७०० किलो धरलं तर २६ इंच जाडीचं माळवद दर चौरस मीटरला ११०० किलोच्या वर जातं. शहरातला पाच इंचांचा काँक्रीटचा स्लॅब त्याच जागेला सव्वातीनशे किलो भरतो. आमचं माजघर वीस फूट बाय तेरा फूट, म्हणजे २४ चौरस मीटर. आजींच्या डोक्यावर २६-२७ टन माती होती. घर हलतं तेव्हा जमिनीच्या धक्क्यानं येणारा जोर वजनाच्या प्रमाणात वाढतो. एवढं वजन उंचावर, खांबाच्या आणि तुळईच्या सांध्याला तिरपा आधार नाही, कुसू सैल झालेलं. सांधा निसटला की सगळं सरळ खाली. आणि जिथे सांधे टिकले, लाकडी सांगाडा उभा राहिला, तिथेही भिंतींनी घात केला. त्या भिंती म्हणजे आतबाहेर दोन पदर गोलसर काळ्या धोंड्यांचे, मातीत बसवलेले, मध्ये खडीमातीची भर. दोन्ही पदरांना एकमेकांशी बांधणारा आरपार दगड जुन्या बांधकामात ठरावीक अंतरावर घालत असत, पण तो घडवायला पाथरवटाचा वेळ जातो, म्हणून पुढे तोही सुटत गेला. बांधलेले नसलेले दोन पदर हलताना फुगतात, सुटतात आणि खोलीत कोसळतात.

म्हणजे पद्धतीत दोष होता की पद्धत मोडल्यात? मी दोन्ही म्हणेन. तिरपा आधार नसणं, गोल धोंडे, हे मुळातले दोष. २६ इंच माती आणि नाहीसा झालेला आरपार दगड हे नंतरचे. १९९३ नंतर "मातीची घरं वाईट" एवढंच लोकांच्या मनात राहिलं, आणि ज्याच्या घरी रोज रात्री पत्र्याखाली झोपतात त्याला मी वेगळं काही पटवून देणार नव्हते. पण त्या हिशेबाचा कागद मी मामांना दाखवला. मामांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "उतरवता यील का?"

इथून पुढे प्रबंध मागे पडला. कॉलेजातल्या मार्गदर्शक सरांना फोन केला. त्यांनी भूकंपानंतर या भागात दुरुस्तीचं काम केलेल्या एका अभियंत्याशी गाठ घालून दिली. ते स्वतः येऊन घर पाहून गेले आणि काय करायचं ते चार ओळींत लिहून दिलं. छत आठ इंचांवर आणा, खांब आणि तुळई तिरप्या टेकूंनी बांधा, भिंतीत आरपार बंध घाला, आणि हे सगळं होईतो आत कुणी राहू नका.

माती उतरवणं सोपं वाटतं. बाबांनी पहिल्याच दिवशी काम थांबवलं, कारण चार मजुरांनी एका कोपऱ्यातून खणायला सुरुवात केली होती. एकीकडचं वजन गेलं आणि दुसरीकडचं राहिलं तर तुळया मुरगळतात. मग माळवदावर दोऱ्यांनी खणाखणाचे पट्टे आखले आणि दोन्ही टोकांकडून मध्याकडे, प्रत्येक पट्ट्यातून तीन-तीन इंचच, अशी फेरी सुरू झाली. मातीचा ढीग माळवदावर कुठेही करायचा नाही, पाटी भरली की खाली. सहा दिवस लागले. छेदात थर स्पष्ट दिसत होते. फिकट पिवळा, मग राखाडी, मग पुन्हा पिवळा. एका थरात बांगड्यांचे तुकडे निघाले, एकात लहान मुलाचं जर्मनचं वाटीझाकण. आजी खाली चौकात बसून प्रत्येक पाटीकडे पाहत होत्या. झाकण त्यांनी धुऊन देवघरात ठेवलं. कुणाचं ते सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी, सगळे जेवायला बसलेले असताना, माजघरातून करकर आवाज आला. सगळ्यांचे हात थांबले. बाबा एकटे आत गेले, कान लावून उभे राहिले आणि हसत बाहेर आले. पन्नास वर्षं दबलेली तुळई ओझं उतरल्यावर वर उचलत होती. मी दोरी लावून पाहिलं. मधला बाक आधी पावणेदोन इंच होता, शेवटी सव्वा इंचावर आला. उरलेला बाक कायमचाच होता.

पाच ट्रॉल्या माती निघाली. सुमारे १८ टन. मामांनी ती उसाच्या रानात पसरली.

उरलेला खालचा थरही काढल्यावर किलचन उघडी पडली. अर्धी बदलावी लागली. वर नवा थर घालताना मतभेद झाले. अभियंत्यांनी मातीच्या मध्ये प्लॅस्टिकचा जाड कागद सुचवला होता, म्हणजे पातळ छतातूनही पाणी उतरणार नाही. बाबांचं म्हणणं, लाकडाला घाम येतो, तो कागदाखाली अडला की दोन वर्षांत कुजेल. मला दोघांचंही पटत होतं. शेवटी कागद लाकडाला न भिडवता मातीच्या दोन थरांच्या मध्ये घातला, चार इंच माती खाली, चार वर. खालच्या मातीनं घाम शोषावा आणि तो आतल्या बाजूनं उडून जावा, असा विचार. हे बरोबर की चूक ते लाकूडच काही वर्षांनी सांगेल.

मातीची परीक्षा आजींनी घेतली. गावठाणाच्या तीन जागांहून माती आणली होती. मी काचेच्या बाटल्यांत पाणी घालून हलवून ठेवली, रेती किती बसते आणि गाळ किती हे पाहायला. आजींनी प्रत्येकीचा लिंबाएवढा गोळा केला, उन्हात वाळवला, संध्याकाळी पाण्याच्या परातीत ठेवला आणि भाकरी करायला गेल्या. भाकऱ्या झाल्यावर पाहिलं तर एक गोळा विरघळलेला, एक तडकलेला, तिसरा तसाच. तिसरी माती पडक्या गढीच्या पायथ्याची होती. माझ्या बाटल्यांनीही तीच निवडली, पण दोन दिवसांनी.

थर असे बसले: किलचनीवर कडुनिंबाचा आणि निर्गुडीचा पाला, त्यावर तुराट्यांची चटई, मग भुसा मिसळून तीन दिवस भिजवलेला, पायांनी तुडवलेला गारा. तो अर्धवट वाळला की चोपण्यानं चोपायचा. मग कागद, पुन्हा गारा, शेवटी चाळलेली कोरडी पांढरी दोन बोटं, आणि सगळ्याला पन्हळीकडे उतार. गारा तुडवायला गल्लीतल्या बायका आल्या होत्या, मीही उतरले. भुश्यानं पोटऱ्या सोलून निघतात. चोपताना मात्र सगळ्यांचा एक ठेका लागतो आणि एखादीचा चुकला तर आवाजावरूनच कळतं की तिथली माती भुसभुशीत राहिली.

लोखंडी आणि लाकडी टेकूंचं काम बाबांनी आणि गावातल्या लोहारानं चार दिवसांत उरकलं. भिंतीचं काम मिस्त्रींचं. घाव घालायचा नाही, पहारीनं एकेक धोंडा हलवत आरपार भोक पाडायचं, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेला गज ठेवायचा आणि काँक्रीट भरायचं. साधारण दर तीन फुटांवर असं एक. भिंतीच्या दोन्ही अंगांना त्यांचे गोल ठिपके दिसत होते. आजींनी आतल्या ठिपक्यांवर पहिल्याच दिवशी सारवून घेतलं.

रोहिणी कोरडी गेली. मृगात, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी पश्चिमेकडून काळं भरून आलं आणि आम्ही सगळे माजघरात उभे राहिलो. मामा, मामी, त्यांची मुलगी, बाबा, मी. सगळ्यांच्या माना वर. तासभर धो धो पाऊस. पन्हळीतून चौकात जाड धार लागली होती. आधी गढूळ, मग निवळत गेलेली. छत गळलं ते एकाच ठिकाणी, सवण्याच्या कडेला, जिथे नवी माती जुन्या दगडाला नीट भिडली नव्हती. थेंब टप टप पडू लागला तशी आजींनी खाली पितळी पातेलं सरकवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

पाऊस उघडल्यावर मी घमेलंभर कोरडी पांढरी घेऊन वर चढले, कडेला टाकली, पायानं दाबली. बाबा खालून सांगत होते, आणखी, अजून थोडी, बास.

उतरून आले तेव्हा मामा शेडमधून आजींची बाज उचलून आणत होते. माजघरात ठेवू का, त्यांनी विचारलं. आजींनी चौकातूनच हात केला. बाज ढाळजेत ठेवली गेली, दरवाजाजवळच्या ओट्याला लागून. त्यांनी दरवाजाची कडी मात्र काढूनच ठेवायला सांगितली.